अक्कांचा हव्यास

नागपूर स्टेशनच्या पुलावर बाबांनी माझी बॅग खांद्यावर घेतली होती. बॅगेला चाकं होती. नोकरीचं पक्कं झाल्यावर मी मैत्रिणीला घेऊन सीताबर्डीवर गेले होते आणि ती मोठी निळी बॅग आणली होती. बोट लावलं तरी पुढे पळायची. बाबांनी ती घरात इकडून तिकडे फिरवून बघितली, चेन उघडून अस्तरावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बॅग ही गरज आहे. चाकं हा हव्यास आहे."

आणि मग स्टेशनवर तीच बॅग खांद्यावर टाकून ते पुलाच्या पायऱ्या चढले. वर सपाटीला आल्यावरही खाली ठेवेनात. मी मागून म्हणत होते, बाबा, इथे तरी ओढा. आई हळूच म्हणाली, "राहू दे. चार लोकांत चाकं फिरवायची त्यांना लाज वाटते."

गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी होते. शर्टाच्या खांद्यावर बॅगेची चुणी पडलेली होती. हात हलवायचा सोडून त्यांनी मला पाण्याची बाटली भरून घेतली का ते विचारलं. माझे बाबा आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात होते. निरोपाच्या वेळी त्यांना पाणीच सुचणार.

तुम्हा नागपूरच्या मित्रमैत्रिणींपैकी जे तिकडेच राहिले, महालात, सक्करदऱ्यात, आणि जे माझ्यासारखे पुण्याला, हैदराबादला, अमेरिकेला निघून गेले, त्या सगळ्यांच्या घरात असा एखादा शब्द असणार. आमच्या घरात हव्यास होता. कुठलीही महागाची वस्तू दारात यायच्या आधी बाबांपुढून जायची आणि ते तिला तीनपैकी एका खणात टाकायचे. गरज असली तर आज आणायची. हौस असली तर दिवाळीपर्यंत थांबायचं. हव्यास असला तर विसरून जायचं. फ्रिज कित्येक उन्हाळे हव्यास होता, मग एका मे महिन्यात आजीचं औषध ठेवायला तो एकाएकी गरज झाला. सोफा हव्यास ठरूनही कसाबसा घरात आला आणि हव्यास म्हणूनच राहिला. बाबा त्याच्यावर कधी टेकून बसले नाहीत. आई बिचारी त्याच वस्तूंना हौस म्हणून बघायची आणि हौसेला मोल नसतं, असं पुटपुटायची, पण खण ठरवायचा अधिकार बाबांचा होता. ते कंजूष नव्हते. एका सायकलीवर चार भाऊ वाढलेल्या घरातले ते थोरले होते. आपल्याला लागतं त्याच्या वर आपण काही घेतलं, तर ते कुणाच्या तरी वाट्याचं कमी होतं, एवढं त्यांचं साधं गणित होतं. ते मला पाठ झालं होतं आणि तेच घेऊन मी बंगळुरूला उतरले.

पहिलं वर्ष मी इंदिरानगरला पीजीत राहिले. ऑफिस जवळ होतं. त्या वर्षातली माझी मुख्य भावना आजही आठवते, ती आश्चर्याची होती. रस्त्यांवर आभाळ झाकून टाकणारी झाडं, भर उन्हाळ्यात अंगावर घ्यायला लागणारी चादर, आणि लोकांचं खरेदी करणं. माझ्या टीममधल्या एकानं कॉफीचं यंत्र घेतलं होतं, त्याचं वर्णन तो नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखं करायचा. दुसरीनं सायकल घेतली होती, ती स्कूटरपेक्षा महाग होती आणि तिला स्टँडही नव्हता. शुक्रवारी कुणीतरी म्हणायचं, या वीकेंडला स्प्लर्ज करू या. मी अर्थ विचारला तेव्हा मैत्रीण म्हणाली, अगं, म्हणजे स्वतःला ट्रीट द्यायची. कार्ड पुढे करताना तिच्या चेहऱ्यावर कसलीही भीती नसायची. मी तिच्या हाताकडे बघत राहायचे. हे माझ्याच वयाचे, माझ्याइतकाच पगार घेणारे लोक होते. मी मात्र दुकानात शिरले की कानात बाबांचा आवाज यायचा आणि मी हात हलवत बाहेर पडायचे.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कन्नडचा वर्ग सुरू झाला. फुकट होता म्हणून मी नाव घातलं. एके दिवशी शिकवणाऱ्या बाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागल्या. निम्म हव्यास एनु? एवढं कन्नड मला कळायला लागलं होतं. तुमचा हव्यास काय? माझे कान गरम झाले. असं चारचौघांत कुणी विचारतं का? पण माझ्या पुढचे लोक हसत हसत सांगत होते. क्रिकेट. बागकाम. एकजण म्हणाला, जुनी गाणी ऐकणं. माझी पाळी आली तेव्हा मी नुसती नकारार्थी मान हलवली. तास संपल्यावर शेजारच्या मुलीला विचारलं, तेव्हा कळलं की कन्नडमध्ये हव्यास म्हणजे छंद. शाळेत लहान मुलांना निबंध असतो, माझा हव्यास म्हणून.

मी हे घरी फोनवर सांगितलं. आई खूप हसली. बाबांना तिनं सांगितलं असावं, कारण पाठीमागून त्यांचा आवाज आला, "तिकडचं तिकडे."

ते बंगळुरूला कायम तिकडे म्हणत. तिकडे पाऊस आहे का, तिकडे जेवली का. गावाचं नाव ते घेत नसत.

पुढे मी जयनगरला राहायला गेले. एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. घरमालकीण खाली एकट्या राहायच्या. त्यांचं नाव पद्मावती, सगळी गल्ली त्यांना पद्माक्का म्हणायची. मी घर बघायला गेले तेव्हा फोनवर आईशी बोलत होते, ते ऐकून त्या मराठीतच म्हणाल्या, "नागपूरची काय तू? लई दूर की. ये, बस स्वल्प. ऊटा झाला?" ऊटा म्हणजे जेवण, तेवढं मला वर्गातून माहीत होतं; मराठीची मात्र अपेक्षा नव्हती. त्यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. माहेर इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारात, वडिलांचं बटणं-लेस-दोऱ्यांचं दुकान. शाळा कन्नड, घरात मराठी, आणि ती मराठी अशी की वाक्य साताऱ्यात सुरू व्हावं आणि म्हैसुरात संपावं. माझ्या मराठीला त्या पुस्तकातली मराठी म्हणायच्या.

अक्कांच्या घरात नवं असं काही नव्हतं. दोन खुर्च्या, एक पलंग, नवऱ्याचा फोटो, पितळेचा कॉफी फिल्टर. साड्या सुती आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या. मी मनात म्हटलं, बाबांना इथे बरं वाटेल.

एका शनिवारी जिन्यातून त्यांनी हाक मारली. "उद्या सकाळी माझा हव्यास आहे. येतीस काय? लवकर उठाय लागतंय."

मला वाटलं, लालबागेत फिरायला जात असतील, किंवा भजनी मंडळ असेल. आम्ही टॅक्सीनं निघालो आणि टॅक्सी शहर ओलांडून उत्तरेला गेली, येलहंक्याच्या अलीकडे. तिथे कुंपणाआड एक लहानशी धावपट्टी होती. गवतावर अजून दव होतं. हँगरमधून दोन माणसं एक पांढरं विमान हातानं ढकलत बाहेर आणत होती. ते ऑटोरिक्षाहून फार मोठं नव्हतं. दोन सीटा, पुढे एक पंखा. अक्कांनी पदर कमरेला घट्ट खोचला, चपला काढून पिशवीतले खेळाचे बूट घातले, केसातला मोगऱ्याचा गजरा काढून माझ्या हातात दिला आणि त्या विमानात जाऊन बसल्या. पायलटनं त्यांना "अम्मा, रेडी?" विचारलं. त्यांनी मान डोलावली. विमान गवताच्या कडेनं धावलं आणि जमिनीनं त्यांना सोडून दिलं.

मी गजरा धरून उभी होते. ज्या बाई काल संध्याकाळी माझ्याशी वांग्यांच्या भावाबद्दल बोलल्या होत्या, त्या माझ्या डोक्यावरून जात होत्या. विमान लहान होत होत घारीएवढं झालं. खऱ्या घारीही होत्या आजूबाजूला. कुठली घार आणि कुठल्या अक्का ते काही क्षण मला सांगता आलं नसतं.

खाली आल्यावर त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. त्यांचा नवरा आयुष्यभर विमानाच्या कारखान्यात होता, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, त्यांच्या आठवणीसाठी करता का हे?

अक्का हसायला लागल्या. "त्यांच्या? त्यांना उंचीचं भय. गच्चीवर कपडे वाळत घालाय पण येत नव्हते."

"मग?"

"मग काय? मला आवडतंय."

एवढंच. कारखान्यात एकदा कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं, तेव्हा फोटोपुरतं त्यांना विमानात बसवलं होतं. कुणीतरी काच लावली, समोर ती सगळी घड्याळं, आणि मग लगेच उतरवलं. तेवढ्यावर त्यांनी कितीतरी वर्षं काढली. नवरा गेल्यावर, सगळं आटोपल्यावर, एका सकाळी त्या इथे चौकशीला आल्या. आता वर्षातून एखाद-दोनदा येतात. त्यासाठी नवी साडी नाही, नवं भांडं नाही. हे त्या मला सांगत नव्हत्या, मी ते त्यांच्या घरात बघितलेलं होतं आणि आता कळत होतं.

परतताना मी त्यांना आमच्याकडचा अर्थ सांगितला. आमच्याकडे हव्यास म्हणजे हाव. नको इतकं हवं असणं. अक्कांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग तुमच्याकडं त्याला काय म्हणतात, जे केल्यावर माणूस हलका होतो?" मी म्हटलं, छंद, हौस. पण सांगतानाच मला वाटलं, नाही, हौस एकदा पुरवली की फिटते. अक्कांचं फिटत नव्हतं.

काही महिन्यांनी मी स्वतः गेले. त्या खर्चाला मी कुठल्याही खणात बसवू शकत नव्हते, म्हणून घरी कुणालाच सांगितलं नाही. विमान उचललं गेलं तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि ते बराच वेळ तसंच राहिलं. खाली सगळं सरकत होतं, घाई न करता. घरांच्या गच्च्या, प्रत्येक गच्चीवर काळी टाकी, टाकीशेजारी वाळत घातलेले कपडे. हायवेवरच्या गाड्या मुंग्यांसारख्या एकमेकींच्या वासावर चाललेल्या. आणि पाणी. तळ्यामागून तळं उजेड झेलत होतं, एकाकडून दुसऱ्याकडे, जणू कुणी आरसा हातोहात देत होतं. दूर धुक्यात नंदीचा डोंगर. दक्षिणेला शहर, त्याला शेवट नव्हता. त्या गर्दीत कुठेतरी माझं ऑफिस होतं, जयनगरचा मजला होता, माझी निळी बॅग पलंगाखाली होती. कित्येक वर्षं मी या शहराच्या आत होते आणि ते केवढं आहे हे मला माहीतच नव्हतं. माझ्या छातीत काहीतरी भरून आलं, आणि ते दुःख नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी वाट बघितली की आता अपराधी वाटेल, मग वाटेल. भूक लागली, झोप आली, तेवढंच.

मग आईचा फोन आला. बाबा दोनदा अंगणातल्या पायरीवरून घसरले होते. एका सकाळी चहात साखरेच्या जागी मीठ गेलं, त्याचा डबा त्यांनीच काढून दिला होता, आणि ते तसाच चहा न बोलता प्यायले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पिकलेला. हे त्यांनी किती महिने लपवलं होतं कोण जाणे. मी हट्ट धरला की इकडे या, मला घरून काम करता येतं, डॉक्टर चांगले आहेत. दोघं रेल्वेनं आले. विमानाचं तिकीट काढू का, हे मी विचारलंच नाही.

आधी डावा डोळा झाला. पट्टी काढली तेव्हा बाबांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "ही पांढरी आहे?" मग आईकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "तू केव्हा एवढी पिकली?"

"तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हा," आई म्हणाली.

त्या दिवसांत ते घरभर फिरून वस्तूंचे रंग बघायचे. रस्त्यावर गुलाबी फुलांची झाडं बहरली होती, एकही पान नाही, सगळं झाड फूलच. बाबा फाटकाशी उभे राहून त्या झाडाकडे इतके बघायचे की जाणारे-येणारेही थांबून वर बघायचे.

महिन्याभरानं उजव्या डोळ्याची वेळ ठरवायची होती. जेवताना मी विषय काढला. बाबांनी घास पुरा खाल्ला, पाणी प्यायलं आणि म्हणाले, "एका डोळ्यानं पेपर वाचता येतो. रस्ता दिसतो. दुसरा हव्यास आहे."

मला वाटलं गंमत करत आहेत. पण ते गंमत करत नव्हते. खर्चाचा प्रश्न नव्हता, विमा होता, मी होते. मी पुष्कळ समजावलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की फार लांबवलं तर आतला मोतीबिंदू दगडासारखा कडक होईल, मग काढणं अवघड. बाबा ऐकून घेत आणि शेवटी परतीच्या तिकिटाची तारीख सांगत. आईनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, "त्यांना मिळालंय तेवढंच फार वाटून राहिलंय. भ्यायले आहेत ते." त्या रात्री मला राग आला होता आणि रडूही. इतका चांगला माणूस, आणि स्वतःच्या उजव्या डोळ्याला त्यानं नको त्या खणात टाकून दिलं होतं.

अक्का दुपारी कॉफी घेऊन वर यायच्या. बाबांना त्या अण्णा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायच्या. बाबांना ते आवडायचं, कारण त्यांना थोरला म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं आणि बहिणीसारखं तर कुणीच बोलत नव्हतं. एका दुपारी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर अक्कांनी विचारलं, "अण्णा, तुमचा हव्यास काय?"

माझा कप हातातच राहिला. बाबा ताठ बसले. "मला कसलाच हव्यास नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर कमावलेलं होतं.

अक्कांनी त्यांच्याकडे फार मायेनं बघितलं आणि म्हणाल्या, "पाप."

"यात पाप कसलं?" बाबांचा आवाज चढला.

मला मधे पडावं लागलं. मी सांगितलं की इथे पाप म्हणजे बिचारा, आणि हव्यास म्हणजे छंद, तुम्हाला फोनवर सांगितलं होतं तेच. आई तोंडाला पदर लावून हसत होती. अक्कांना आपण काय बोलून गेलो ते कळलं आणि त्यांनी कान पकडले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी अक्कांना सरळ विचारलं, "तुमचा काय आहे मग?"

"रविवारी या की," अक्का म्हणाल्या. "सांगून कळत नाही ते."

डॉक्टरांना विचारून आम्ही चौघं गेलो. आईनं डब्यात पोहे घेतले होते. धावपट्टीजवळ पोचल्यावर त्यांनी त्या पांढऱ्या विमानाभोवती लांबून एक चक्कर मारली, मोटार विकत घ्यायला आल्यासारखी. मग अक्कांकडे बघितलं, त्यांच्या बुटांकडे बघितलं, आणि पुन्हा विमानाकडे. "ह्याच्यात तुम्ही बसता?" त्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, होय की.

पायलटनं हाक मारली. अक्का उठल्या, दोन पावलं टाकली आणि गुडघ्याला हात लावून थांबल्या. "आज माझा गुडघा बरा नाही. अण्णा, तुम्ही जावा."

गुडघा बरा होता. सकाळी आम्हाला हाक मारायला त्या भराभर जिना चढून आल्या होत्या.

बाबा म्हणाले, नाही, नाही, मला काय करायचंय. आई म्हणाली, वय बघा आपलं. मी काहीच बोलले नाही, कारण मी बोलले की ते नाहीच म्हणतील हे मला माहीत होतं. अक्का गवतावर शांत बसल्या आणि पोह्यांचा डबा उघडत म्हणाल्या, "पैसे परत देत नाहीत ते लोक. वाया जाणार."

बाबा घुटमळले. त्यांच्या आयुष्यात हव्याससुद्धा एक वेळ चालला असता. वाया घालवणं कधीच नाही. त्यांनी विमानाकडे बघितलं, पंखा फिरायला लागलेला होता. मग खिशातलं पेन आणि रुमाल काढून त्यांनी आईच्या हातात दिले, नदीत उतरताना देतात तसे, आणि ते गेले.

विमान वर गेलं. आई माझा दंड धरून उभी होती. "जत्रेत हा माणूस पाळण्यात बसत नाही," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तो ठिपका, तेच ना?" मी होय म्हटलं. ती त्या ठिपक्याकडे अशी बघत होती की मला तिच्याकडे बघवेना. तिच्या हातातल्या रुमालाची तिनं घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. अक्का पोहे खात होत्या आणि अधूनमधून कपाळावर हात धरून वर बघत होत्या. आपली पाळी दुसऱ्याला देऊन टाकल्याचं कसलंही दुःख त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

विमान उतरलं, थांबलं, पंखा थांबला. बाबा बाहेर येईनात. पायलट उतरून त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्यानंही घाई केली नाही. शेवटी ते उतरले. चार पावलं आमच्याकडे चालत आले आणि मधेच थांबून वर बघायला लागले, जिथे आता काहीच नव्हतं. जवळ आल्यावर त्यांनी अक्कांना हात जोडले.

टॅक्सीत ते पुढे बसले होते. हेब्बाळचं तळं आलं तेव्हा ते बोलायला लागले, आमच्याकडे न बघता. "इथे इतकी तळी आहेत. एकातलं जास्तीचं पाणी दुसऱ्यात जातं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. वरून दिसतं. कुणीतरी केव्हातरी हे आधी डोक्यात बघितलं असेल. त्याला कुठे विमान होतं." पाण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला पहिल्यांदा सगळं पाणी एकदम दिसलं होतं. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, खालचा, देवळात बोलतात तसा.

गाडी सिग्नलला थांबली.

"उजवीकडे मला काही दिसलं नाही," बाबा म्हणाले. "त्यानं मला उजव्या सीटवर बसवलं. खिडकी त्याच बाजूला. विमान कललं, तो हातानं दाखवून राहिला होता, बघा, बघा. तिकडे नुसतं दूध होतं. मी मान वळवून वळवून डाव्या डोळ्यानं जमेल तेवढं बघितलं."

सिग्नल हिरवा झाला.

"डॉक्टरांना फोन लाव," ते म्हणाले. "तिकीट पुढे ढकलता येतं ना?"

उजवा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर आईनं त्यांना छेडलं, मग हा डोळा कुठल्या खणात? बाबा म्हणाले, "हव्यासच. इथल्या भाषेतला." आणि ते हसले. त्यानंतर त्यांनी मला माझ्या उड्डाणाबद्दल विचारलं, कारण अक्कांच्या तोंडून ते निसटलं होतंच. मी घाबरत सांगितलं. त्यांनी रागावल्यासारखं काही केलं नाही. नंदीचा डोंगर तुला कुठल्या बाजूला दिसला, एवढंच विचारलं.

पुन्हा रेल्वेनंच परत गेले दोघं. बाबा काही बदलून गेले नाहीत, हे मी सांगून टाकते. सोफ्यावर अजूनही टेकत नाहीत. माझ्या नव्या फोनला त्यांनी हव्यास म्हटलं ते जुन्याच अर्थानं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. दोन्ही अर्थ लागतात, असं मला आता वाटतं. एक अर्थ मी नागपूरहून आणला, दुसरा मला जयनगरच्या जिन्यात मिळाला. महागाचं काही समोर आलं की मी दोन्हींनी बघते. बऱ्याचदा हात हलवत बाहेर पडते. कधीकधी येलहंक्याची टॅक्सी करते.

नागपूरला गेले की तुम्ही माझ्या बोलण्याला हसता. मी स्वल्प थांब म्हणते, हो च्या जागी सरी म्हणते. इथे अक्का मला अजून पुस्तकातली मराठी म्हणतात. पूर्वी या दोन्हीचा मला त्रास व्हायचा. घर म्हणजे जिथे आपलं बोलणं कुणाला खटकत नाही ती जागा, अशी माझी समजूत होती, आणि तशी जागा मला कुठेच उरली नव्हती.

परवा संध्याकाळी मी अक्कांच्या गच्चीवर कपडे काढत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. ते आता संध्याकाळी गच्चीवर जातात. नागपूर देशाच्या मधोमध, चारी दिशांची विमानं डोक्यावरून जातात. दोन्ही डोळ्यांनी त्यांना त्या पांढऱ्या रेघा स्वच्छ दिसतात. कुठली कुठे चालली असेल याचा ते अंदाज करत बसतात. त्यांनी नेहमीसारखं जेवली का विचारलं नाही. म्हणाले, "आत्ता एक दक्षिणेला गेलं. तुझ्या गावाकडे."

तुझ्या गावाकडे. मी हातातले कपडे खाली ठेवले. ते विमान यायला अजून अवकाश होता, आणि ते इकडेच येत होतं असंही नाही. तरी मी उत्तरेला तोंड करून उभी राहिले.

"आलं की सांगते," मी म्हटलं.